पेटीवाले काका, तुमच्यामुळं की सिग्नेचर कळली बगा

काका, रामराम. तुम्ही मोबाईल काही बघत नाहीत म्हणून नातीला सांगून ठेवलंय वाचून दाखव म्हणून. समोर येऊन बोलायलो की तुम्ही चहा घे म्हणून विषयच संपवता, मग इथंच लिहायलोय.

लातूरला कीबोर्ड शिकायलो तवा थिअरीत पार अडकलो होतो, की सिग्नेचरमधी, म्हणजे कुठल्या सुराला सा धरला की किती शार्प (अर्धा सूर वर) नाहीतर फ्लॅट (अर्धा सूर खाली) लागतात त्या खुणेत. जी ला एक शार्प, डी ला दोन, ए ला तीन, पाठ कर म्हणायचे, कामून विचारलं की परीक्षेला येतंय म्हणून. दोन महिने घोकलं अन आठ दिवसात सगळं साफ.

मग गावाकडं सप्त्याला आलो. भजन संपल्यावर तुम्ही पेटी पुढं सरकवली न म्हणलात पांढरी एकला (आमची सी) सा धर, सारेगम वाजव. सगळ्या पांढऱ्याच. ग-म मधी काळी नाही, नी-सा मधी नाही, तिथं अर्धं अंतर, बाकी सगळीकडं पूर्ण. पुस्तकातलं मेजर स्केल म्हणजे आपला बिलावल थाट, सगळे सूर शुद्ध असलेला, निघाला की वो! मग पांढरी पाचला (जी) सा धर म्हणलात, मी नी ला पांढरी चार दाबली न तुम्ही हसलात, खमाज थाट झाला की रे, नी कोमल म्हणजे अर्धा सूर उतरता लागला. काळी तीन दाबली तवा जागेवर आलं. तो जी चा एक शार्प, एफ शार्प.

खरी गोष्ट पुढं होती. हीच काळी तीन पांढरी एकला सा धरला की तीव्र म, म्हणजे अर्धा सूर चढा म आहे. म्हणजे पंचमाला नवा सा केला की जुन्याचा तीव्र म नव्याचा शुद्ध नी होतो, बाकीचे सूर तेच, म्हणून दर खेपेला एकच शार्प वाढतो. अन शेवटचा शार्प कायम नी, त्याच्या अर्धा सूर वर सा, झाली, स्केल सापडली! उलटं मध्यमाला सा केलं, पांढरी चारला (एफ), की जुना कोमल नी म्हणजे काळी पाच नवा म होतो, तो एक फ्लॅट.

तुम्हाला काळी पाच म्हणजे काळी पाच. आमच्याकडं एफ च्या स्केलमधी तिथं ए शार्प लिहिलं तर चूक, कारण ए आधीच येऊन गेलेला असतो अन बी राहूनच जातो, प्रत्येक अक्षर एकदा यायला पाहिजे म्हणून बी फ्लॅट. आपलं मंडळ गातं ती काळी एक सी शार्प म्हणून लिहिली तर सात शार्प, डी फ्लॅट म्हणून लिहिली तर पाचच फ्लॅट, सूर तेच. उगंच डोक्याला ताप नाही का, पण आता मजा यायलीय.

लई उपकार झाले काका. अजून एक विचारायचंय, पांढऱ्याच पट्ट्यांवर धैवताला म्हणजे पांढरी सहाला सा धरून वाजवलं, ग ध नी कोमल यायलेत, हा आसावरी थाटच ना? पुढच्या एकादशीला येतोय, पेटी बाहेर काढून ठेवा.