पत्र्याच्या डब्यातलं पत्र

वडगाव, बेळगाव
कोजागरीनंतरचा रविवार

तीर्थरूप आई आणि बाबांस,
शिरसाष्टांग नमस्कार.

रोज फोन होतो आणि तरी मी पत्र लिहायला बसले, म्हणजे काहीतरी आहे हे आईने एव्हाना ओळखलं असेल. फोनवर बाबा "बरं, घे, आईशी बोल" म्हणतात, आई तो स्पीकरवर टाकते, मागे पुण्याला दादाकडे चाललेला वहिनीचा कुकर आणि नातवाचं कार्टून. त्या गोंधळात हे सांगायचं नव्हतं.

छातीत धडधड नको म्हणून आधीच सांगते. मी बरी आहे. घर बरं आहे. तुळस जिवंत आहे. आणि ऑगस्टच्या शेवटी मी उद्यमबागच्या फाउंड्रीतली नोकरी सोडली.

दोन महिने लपवलं, ते चुकलंच. रोज सकाळी नऊला "निघाले गं" म्हणत होते. तेही अगदी खोटं नव्हतं, स्वयंपाकघरातून बाबांच्या साडीच्या मागाच्या खोलीत निघत होते.

फाउंड्रीत कुणी काही बोललं नाही, भांडण नाही, पगार थकला नाही. चौदा वर्षं टनांचे हिशेब लिहिले, आणखी चौदा लिहिले असते. पण गेल्या वर्षी बाबांची खारी डॉक्टरांनी बंद केली तेव्हापासून मी जे उद्योग करत होते, ते तुम्हाला माहीत आहेतच. रविवारी केलेली बिस्किटं सोमवारी ऑफिसात संपायची. मग कुणाच्या वहिनीला एक किलो, कुणाच्या सासूला दोन. रात्री दीडपर्यंत पत्रे भाजायचे आणि सकाळी आकडे डोळ्यांपुढे नाचायचे. जुलैत एका बिलात एक शून्य जास्त पडलं. साहेब हसले, मला हसू आलं नाही. दोन्हीतलं एक सोडायलाच हवं होतं. ज्याच्यासाठी रात्री दीडपर्यंत आपोआप जाग राहते, ते ठेवलं.

पैशाचं सांगते, कारण बाबा तेच विचारणार. मोठा ओव्हन भिशीच्या पैशातून घेतला. आईच्या पाटल्यांना हात लावलेला नाही, लॉकरची किल्ली तिथेच आहे. सरकारी नोंदणी रीतसर केली, छोट्या धंद्याला वर्षाला १०० रुपये फी. पगार १९ हजार होता, सप्टेंबरात सगळं जाऊन हातात ११ राहिले. कमी आहेत, माहीत आहे. दिवाळीच्या ऑर्डरी वेगळ्या, त्या मी अजून हिशेबात धरत नाही.

एका गोष्टीने मात्र मला झोप लागली नव्हती. माझ्या नोकरीवर तुम्हा दोघांचं ईएसआय, म्हणजे कामगार विम्यातलं औषधपाणी होतं. चौकशी केली. ते लगेच बंद होत नाही, माझे ऑगस्टपर्यंतचे हप्ते भरलेत, त्यावर पुढच्या जूनअखेर चालेल. तोवर दादाशी बोलून दुसरी सोय करते. दादाला मीच सांगेन, तुम्ही आधी सांगू नका. तो लगेच कॅल्क्युलेटर काढतो.

आता बिस्किटांचं. लेबलवर "कुकीज" लिहिलंय. आई हसेल, पण तसं लिहिलं की किलोमागे ४० रुपये जास्त मिळतात आणि कुणी घासाघीसही करत नाही. गल्लीत सगळे बिस्किटंच म्हणतात. समोरच्या काकू परवा दारातून ओरडल्या, "काय गं, आज कसली बिस्किटं करुलालीस? वास आमच्या देवघरापतूर आलाय की!"

नाचणी जांबोटीकडची घेते. म्हणजे आईच्या माहेरचीच. २०२३ साली भरडधान्यांचं आंतरराष्ट्रीय वर्ष झालं आणि कॅम्पातल्या बायका मला नाचणीचे गुण समजावून सांगायला लागल्या. आजी आंबिलीशिवाय शेतावर गेली नाही, तिला कुणी असं वर्ष सांगितलं नव्हतं. नाचणी निवडून, धुऊन, रात्रभर भिजवून, फडक्यात बांधून मोड आणते, गच्चीवर सावलीत सुकवते आणि मग गिरणीत. पीठ कढईत मंद आचेवर भाजून घ्यावं लागतं, नाहीतर कच्चट मातकट चव राहते. ही गोष्ट मला चार किलो पीठ वाया गेल्यावर कळली.

तुम्हाला मी फक्त चांगले घाणे पाठवायचे, म्हणून बाकीचे आता सांगते. पहिल्या घाण्यातलं बिस्किट ओट्यावरून खाली पडलं आणि फरशीवर खण्ण वाजलं. नाचणी तूप आणि दूध नुसती पिऊन टाकते, पिठाला सैल वाटलं तरी दहा मिनिटांनी घट्ट. मग तूप वाढवलं तर उचलताच भुगा. नाचणीला चिकटपणा नाही, गव्हाचा आधार लागतोच. आता ३०० ग्रॅम नाचणीला २०० गव्हाचं पीठ, २५० तूप आणि २५० गूळ. पंधरा ग्रॅमचा एक गोळा धरला तर साठ-पासष्ट होतात. सगळ्यात मोठी पंचाईत रंगाची. मैद्याचं बिस्किट गुलाबी झालं की कळतं, नाचणीचं पहिल्यापासूनच तपकिरी. आतलं कच्चं की जळलं हे डोळ्यांना कळतच नाही. मी नाकाने ओळखते. आधी ओल्या मातीसारखा वास येतो, मग तुपाचा, आणि गुळाचा करपट वास सुरू व्हायच्या आत पत्रा बाहेर ओढायचा. हा मधला वेळ दीड-दोन मिनिटांचा. बाहेर काढल्यावर मऊ लागतात म्हणून परत आत ढकलायची नाहीत, गार झाली की आपोआप कडक होतात.

आणि एकदा सुकलेली नाचणी मी संकेश्वरी मिरचीच्या पिशवीत भरून गिरणीला नेली. पिशवी झटकली होती! पूर्ण घाणा तिखट. काकू चहाबरोबर सहा खाऊन म्हणाल्या, "हीच जास्त कर की."

गूळ रविवार पेठेतून. व्यापारी आधी पिवळाधमक काढतो, तो दिसायलाच चांगला, रंगासाठी त्यात पावडर मारतात. मी काळपट, भेंडीच्या चिकाने मळी काढलेला मागते. आता तो मला बघितल्यावर न विचारता आतल्या ढेपेकडे जातो.

बाबा, इथे थांबून नीट वाचा. गूळ म्हणजे साखरच. रंग काळा, थोडा लोहाचा अंश, बाकी रक्तात जाऊन तेच करतो. "गूळ चालतो" असं डॉक्टर कधीही म्हणाले नव्हते, ते तुम्ही म्हणाला होतात. त्या गुळाच्या डब्याचं प्रकरण मी अजून दादाला सांगितलेलं नाही. तेव्हा दुपारी चारच्या चहाला दोन, बस. आईने मोजून द्यायची. आणि आई, तू तुझ्या वाटणीची त्यांच्या बशीत सरकवायची नाहीस. नाचणीत कॅल्शियम दुधाच्या जवळजवळ तिप्पट असतं, ते तुझ्या गुडघ्यांसाठी आहे. म्हणून गोळ्या बंद करू नकोस, नाहीतर तू लगेच म्हणशील, पोरीनेच लिहिलंय.

लेबल तीन भाषांत आहे. वर कन्नड, मग मराठी, मग इंग्रजी. बाबा, सीमाप्रश्नाच्या निषेधाची तुमची १ नोव्हेंबरची काळी फीत कपाटात इस्त्री करून ठेवलीय, तिच्याबद्दल मी कधी एक शब्द बोललेले नाही. पण माझी निम्मी गिऱ्हाइकं अक्का म्हणून हाक मारतात, आणि डब्यावर काय लिहिलंय ते त्यांना वाचता यायला नको का? मराठी अक्षर कन्नडपेक्षा लहान नाही. मी पट्टीने मोजलं.

आई, संध्याकाळी ओव्हनची काच उजळली की मला कॅम्पातली भट्टी आठवते. दिवाळीच्या आधी आपण नंबर लावून बसायचो. तू मैदा, पिठीसाखर, डालडा सगळं घरून मोजून न्यायचीस, भट्टीवाल्यावर तुझा काडीचा विश्वास नव्हता. मी रिकाम्या डब्यावर बसून पेंगायचे. बाबा माग बंद करून रात्री अकराला सायकल घेऊन न्यायला यायचे, केसांत सुताची पांढरी तूस. मला पुढे दांडीवर बसवायचे आणि भरलेला डबा माझ्या मांडीवर. फ्रॉकमधून चटका बसायचा आणि तरी मी डबा सोडायचे नाही. गोवावेसला आलो की पहिलं बिस्किट फुटायचं, अर्धं मला, अर्धं तुम्हाला, आणि तू मागून चालत येताना विचारायचीस, "फोडलात ना?"

आता जे सांगायचं राहिलंय ते सांगते. बाबा, आधी पाणी प्या.

भिंतीकडचा माग मी काढला. भंगारवाला किलोच्या भावाने मागत होता, त्याला उंबऱ्यावरूनच परत पाठवलं. खासबागचा एक विणकर घेऊन गेला, चालवायला. टेम्पोत चढवायच्या आधी त्याने मागाला हळदकुंकू लावलं, नारळ फोडला. मी शेवटपर्यंत उभी होते. परवा त्या बाजूला गेले होते तर बाहेरून आवाज ऐकला. आपल्याच मागाचा, तो मधे एक ठोका चुकवतो ना, तसा.

खिडकीकडचा जागेवर आहे. त्याला मी हात लावलेला नाही आणि लावणार नाही. त्यावरची तुमची वांगी रंगाची साडी तशीच आहे, पदर हातभर राहिलाय. वर तुमचं जुनं धोतर आणि त्यावर प्लास्टिक घातलंय. मधे प्लायची आडभिंत केली, पीठ तिकडे जात नाही. धोटे आणि कांड्यांची टोपली कपाटात, उंदीर लागणार नाहीत असे. विणकरांच्या सवलतीचं मीटर बेकरीला वापरणं बरोबर नाही, म्हणून ओव्हनसाठी वेगळ्या मीटरचा अर्ज केलाय.

खोली झाडायला चार दिवस लागले. २०१९ च्या ऑगस्टात गुडघाभर पाणी आलं होतं त्याची रेघ भिंतीवर होती तिथंच, ती पुसली नाही. तुळईवर बोटभर तूस होती. तोंडाला रुमाल बांधून झाडली तरी रात्रभर खोकत होते. बाबा, तुम्ही ती पस्तीस वर्षं छातीत घेतलीत आणि त्यातूनच माझी फी भरलीत. हे लिहिणार नव्हते. मी २०१९ ला या घरी परत आले तेव्हा तुम्ही मला एका शब्दाने काही विचारलं नाहीत, म्हणून मला वाटतं की याही वेळी विचारणार नाही. पण विचारलंत तरी चालेल.

तुमची खोली आहे तशी आहे. बाबांच्या पलंगाखालची वीट काढू नका म्हणून कामवाल्या मावशींना बजावलंय. रेडिओला नवे सेल घातले. मोरीत आता धरायला दांडा बसवलाय आणि कमोडही, आई, नाक मुरडू नकोस, गुडघ्यांना विचार. गीझर चालू आहे. ओव्हन संध्याकाळी सातनंतर लावत नाही, तुम्ही आलात की बातम्यांच्या वेळी घरघर होणार नाही. आणि आई, तुझा आधारचा पत्ता अजून इथलाच आहे ना, तो बदलू देऊ नकोस. कर्नाटकचा पत्ता असलेल्या बायकांना इथली सरकारी बस फुकट आहे, तिकिटाला पैसे न देता तुला जांबोटीला नेऊन आणायचं आहे, आजीच्या शेताच्या बांधापर्यंत.

तुळशीच्या लग्नानंतर न्यायला येते. तोवर बाबांनी तीन महिन्यांच्या साखरेची टेस्ट करून घ्यायची, उपाशीपोटीची नव्हे, ती तुम्ही आदल्या दिवशी भात सोडून छान आणता. रिपोर्टचा फोटो मला पाठवायचा, दादाने वाचून सांगितलेला चालणार नाही. सकाळी गच्चीवर थंडी असेल तर कानटोपी. श्वासाचा पंप रोज दोन वेळा, आणि मारल्यावर चूळ. वहिनीच्या स्वयंपाकाला "आमच्याकडे असं नसतं" म्हणायचं नाही, बाबा. ती तुमच्यासाठी वेगळी भाजी करते, मला माहीत आहे.

डबा आज रात्रीच्या ट्रॅव्हल्सने पाठवतेय, दादाला पहाटे पाचला कात्रजला जायला सांगितलंय, तो चिडलाय. तोच आपला भट्टीवरचा पत्र्याचा डबा आहे. वरच्या थरात गुळाची, मधे कागद, खाली अर्धा किलो तिखट. ती चुकून झालेली नाहीत, काकूंच्या सांगण्यावरून मुद्दाम केलीत, त्यात गूळ नाही, मीठ-तिखटच आहे. बाबांना तिसऱ्याची हुक्की आली की त्यातलं एक द्यायचं, एकच. झाकण अजून तसंच सैल आहे, वर्तमानपत्राची घडी घालून दाबून लावा, नाहीतर पुण्याच्या हवेत दोन दिवसांत सादळतील. आणि रिकामा झाला की डबा परत पाठवा, मला तो एकच आहे.

तुमची धाकटी