स्वमग्न मुलांना प्रवेश नाकारू नका
महोदय,
दिव्यांग व्यक्ती हक्क अधिनियम, 2016 मध्ये स्वमग्नतेचा (ऑटिझमचा) समावेश असून, शासकीय, अनुदानित वा मान्यताप्राप्त शाळांनी अशा मुलांना भेदभाव न करता प्रवेश द्यावा, अशी तरतूद आहे. तरीही आमच्या तालुक्यातील एका शाळेने ‘आधी शांत बसायला शिकवा’ असे सांगून एका स्वमग्न मुलाच्या पालकांची बोळवण केली. पत्र्यावरच्या पावसाचा आवाज असह्य होऊन कान घट्ट दाबणाऱ्या त्या मुलाला कौलारू वर्गात बसवून दिवसाचे वेळापत्रक चित्रांतून दाखवले असते, तरी बराच फरक पडला असता. गणपतीत आरतीच्या झांजा सुरू होताच तो मागच्या पडवीत जातो, तर त्यालाही (संस्कार नाहीत म्हणे!) नावे ठेवली जातात. प्रवेश नाकारणाऱ्या शाळांकडून शिक्षण विभागाने लेखी खुलासा मागवावा आणि विशेष शिक्षकांच्या भेटी भर पावसाळ्यातही वाडीवस्तीपर्यंत नियमित होतील, हे पाहावे.
– एक वाचक, देवगड (सिंधुदुर्ग)