आधी सरावाचे दिवस मोज

नाशिक
रविवार, रात्री

प्रिय सुन्या,
सप्रेम नमस्कार.

पत्र पोचलं. तुमच्या तालमीच्या फुटबॉल संघाच्या बैठकीत दोन तट पडले, खुर्च्यासुद्धा आपटल्या, हे वाचून बरं वाटलं. कोल्हापुरात फुटबॉलवरून खुर्च्या आपटायच्या थांबल्या की काळजी करायची. इथे नाशकात गोल्फ क्लबच्या मैदानावर क्रिकेट सोडून दुसऱ्या कशावर भांडायला माणूस मिळत नाही.

तुझा सवाल असा, की जमलेल्या पैशात बाहेरचा खणखणीत फॉरवर्ड आणायचा की लायसन्सवाला कोच. आणि तुझं मत ठरलेलंच आहे, खेळाडूच हवा: आडात नाही तर पोहऱ्यात कुठून येणार? मला हे अर्धंच पटतं. तुम्ही सगळे एका पारड्यात कोच आणि दुसऱ्यात खेळाडू टाकून बसलात, पण कोचला शिकवायला दिवस किती मिळणार हे कुणी मोजलंच नाही. व्यावसायिक फुटबॉलमध्ये या वादाचा निकाल बऱ्याचदा तिथेच लागतो.

तू लेस्टर या इंग्लिश क्लबचा दाखला दिलास, तोच घेऊ. २०१४-१५ मध्ये ४१ गुणांसह चौदावे, पुढच्या वर्षी ८१ गुणांसह इंग्लंडचे विजेते. दरम्यान कोच पिअरसन गेला आणि रानिएरी आला. कोचवाले म्हणणार, बघा! पण त्याच उन्हाळ्यात फ्रान्समधल्या कां संघाकडून कांते आला, आणि मधल्या फळीत दोन माणसांचं काम एकटा करू लागला. २०१६ मध्ये तो इंग्लंडच्याच चेल्सी क्लबला गेला. लेस्टर बारावे आले, रानिएरीला फेब्रुवारीतच घरी पाठवलं, आणि चेल्सी विजेते झाले. मग खेळाडूवाले म्हणणार, बघा! पण चेल्सीतही त्याच वर्षी कोंते नावाचा नवा कोच आला होता. एकाच दाखल्यावर दोन्ही वकील केस जिंकतात.

आता यात कुणी न पाहिलेली गोष्ट बघ. २०१५-१६ मध्ये लेस्टरला युरोपातली स्पर्धा नव्हती. २०१६-१७ मध्ये चेल्सीलाही नव्हती, कारण आदल्या वर्षी ते दहावे आले होते. म्हणजे दोघांचेही मधले वार मोकळे. पुढच्या वर्षी दोघांनाही युरोपातली चॅम्पियन्स लीग लागली: लेस्टर बारावे, आणि चेल्सी ९३ गुणांवरून ७० वर, पाचवे. एवढ्यानेच सगळं झालं असं मी म्हणत नाही, माणसंही बदलली होती. पण सरावाचे दिवस गेले की कोचचे हात बांधले जातात.

का ते सांगतो. रविवार ते रविवार सामना असला की आठवडा साधारण असा जातो. सोमवारी खेळलेल्यांना हलकं धावणं, न खेळलेल्यांना छोट्या मैदानावर पाच-पाच जणांचे सामने. मंगळवारी सुट्टी. बुधवारी तीसेक मीटरच्या चौकोनात चार विरुद्ध चार, तीन-तीन मिनिटांचे सहा डाव. थांबणं, वळणं, अंगाला अंग भिडणं यात होतं. गुरुवार सगळ्यात लांब: मोठ्या मैदानावर अकरा विरुद्ध अकरा, आणि संघाची ठेवण याच दिवशी शिकवायची. शुक्रवारी थोडं पण वेगात, शनिवारी पाऊण तास कॉर्नर-फ्रीकिक. शिकवण्याचे खरे दिवस दोनच, बुधवार आणि गुरुवार. बुधवारी सामना आला की हे दोन्ही गेले. उरतं ते अंग मोकळं करणं, फळ्यावरची आखणी आणि व्हिडिओ. एखादा कोच हट्टाने शुक्रवारी जड सराव घेतो, मग रविवारी पळता पळता कुणाचा तरी मांडीमागचा स्नायू धरतो.

कोंतेने मोकळ्या दिवसांत काय केलं ते बघण्यासारखं आहे. २४ सप्टेंबर २०१६ ला आर्सेनलने ३-० ने धुतल्यावर त्याने चार बचावपटू सोडून मागे तीन ठेवले. आधी लिव्हरपूल, स्टोक, वेस्ट हॅम असा उसना फिरलेला व्हिक्टर मोझेस हा विंगर, म्हणजे कडेने हल्ला करणारा, उजवीकडे विंगबॅक झाला, म्हणजे हल्ला आणि बचाव दोन्ही करणारा, आणि अस्पिलिक्वेता फुलबॅकचा, म्हणजे कडेच्या बचावपटूचा, तिघांमधला उजवा झाला. नव्या ठेवणीत सलग १३ विजय. त्या पराभवानंतर नवा माणूस बाजारातून आणला नाही. आड तोच, पोहऱ्याचा दोर बदलला. पण विंगबॅकने केव्हा पुढे जायचं आणि केव्हा पाचवा बचावपटू व्हायचं, हे फळ्यावर लिहून कळत नाही. रोज मैदानावर उभं करून, चुकलं की शिटी मारून, पुन्हा पहिल्यापासून असं घोटावं लागतं.

घोटणं म्हणजे काय, ते साक्की या कोचच्या इटलीतल्या मिलान संघाकडे बघून कळतं. शेवटचा बचावपटू आणि सगळ्यात पुढचा फॉरवर्ड यांच्यात २५ मीटरपेक्षा जास्त अंतर नको, हा त्याचा नियम. मैदान १०५ मीटर लांब, म्हणजे अख्खा संघ पाव मैदानात. अवघड कुठे होतं? फॉरवर्ड धावून दाबायला जातो, मागच्या चौघांना पाठीमागच्या मोकळ्या जागेची भीती वाटते, ते दोन पावलं मागे सरकतात, आणि मधल्या फळीमागे वीस मीटरची गल्ली उघडते. समोरचा दहा नंबर, म्हणजे हल्ला रचणारा खेळाडू, त्या गल्लीत आरामात चेंडू घेऊन वळतो. चूक बचावाची दिसते, पण खरी चूक अशी की पुढचे आणि मागचे एकाच क्षणी हलले नाहीत. खूण ठरवावी लागते: समोरच्याने गोलकीपरकडे पास दिला किंवा पाठमोऱ्या खेळाडूकडे चेंडू गेला, की अकराही जण पुढे. कुणी ओरडायची वाट बघायची नाही.

साक्कीने स्वतः सांगितलेला एक प्रयोग आहे. एका बाजूला पाच जण: गोलकीपर गाल्ली, तासोत्ती, माल्दिनी, कोस्ताकुर्ता, बारेसी. दुसऱ्या बाजूला दहा जण, त्यांत गुलिट, व्हान बास्टेन, रायकार्ड, डोनादोनी, आन्चेलोत्ती. पंधरा मिनिटं. अट एकच, पाच जणांनी चेंडू हिसकावला की दहा जणांनी पुन्हा स्वतःच्या हाफमधून सुरुवात करायची. दहा जणांना एकही गोल करता आला नाही. आता तू म्हणशील, पाचातले दोघे बारेसी आणि माल्दिनी, मग कसला पुरावा? बरोबर. हाच साक्की डिसेंबर १९९६ मध्ये भर हंगामात मिलानला परत आला, बारेसी निवृत्तीला टेकलेला, आणि संघ अकरावा आला. कोच तोच, पण खेळाडूंचे पाय जुने आणि शिकवायला दिवस नाहीत.

म्हणून माझा ढोबळ हिशेब असा. चेंडू पायाशी नसताना अकरा जणांनी काय करायचं हे कोच सहा-आठ आठवड्यांत शिकवू शकतो. आणि सामन्यातला बहुतेक वेळ तसाच जातो: नव्वद मिनिटांत एका खेळाडूच्या पायाशी चेंडू दोन-तीन मिनिटंच असतो. पण त्या दोन-तीन मिनिटांत, डीमध्ये, म्हणजे गोलपुढच्या चौकोनात, दोघे अंगावर असताना, पहिल्या स्पर्शात चेंडू कुठे ठेवायचा हे पंचविसाव्या वर्षी कुणाचा बापही शिकवत नाही.

तुम्हा ऊसवाल्यांना आमच्या द्राक्षाचं सांगतो. एप्रिलमध्ये खरड छाटणी, ऑक्टोबरमध्ये गोडी छाटणी. लोकांना ऑक्टोबरची दिसते, कारण घड तिच्यानंतर बाहेर येतो. पण घड काडीत धरतो तो खरड छाटणीनंतरच्या दिवसांत. तेव्हा ऊन, पाणी, खत चुकलं असेल, तर ऑक्टोबरात कितीही हुशारीने डोळा राखा, वांझ फूट निघते. आठ ते तेरा वर्षांच्या पोराचे दोन्ही पाय, पहिला स्पर्श, मान वर करून बघायची सवय, ही खरड छाटणी. मोठ्या क्लबचा कोच ऑक्टोबरात येतो. ज्याला आपण उपजत गुणवत्ता म्हणतो, तिच्यातला मोठा भाग म्हणजे कुणा अनामिक कोचने आधीच वापरलेले दिवस असतात.

आपल्याकडचा दाखला हवा तर मिझोरामचा ऐजॉल. आदल्या वर्षी आय-लीग या राष्ट्रीय स्पर्धेतून खाली गेलेला, मग परत घेतलेला संघ २०१६-१७ मध्ये १८ सामन्यांत ३७ गुण करून, कोलकात्याच्या मोहन बागानच्या एका गुणाने पुढे, विजेता झाला. कोच खालिद जमील. पण तो कोऱ्या पाटीने गेला नव्हता. आशुतोष मेहता, आपल्या मुंबईचा जयेश राणे, ही मुंबई एफसीपासून त्याच्या हाताखालची पोरं सोबत होती. ठेवण समजावण्यात आठवडे घालवावे लागले नाहीत. पुढच्या वर्षी तोच खालिद कोलकात्याच्याच ईस्ट बंगालला गेला. तिथे नाव मोठं, मधल्या फळीतला अल अम्नाही ऐजॉलहून आलेला, तरी संघ चौथा. कोच वर्षभरात बिघडत नाही रे.

तसंच, कोच बदलला आणि संघ जिंकायला लागला, या बातमीवर लगेच भाळू नकोस. सामन्यात गोल दोन-तीनच होतात, म्हणून नशिबाचा वाटा मोठा. पाच सामने फटके पोस्टला लागले की कोच जातो, सहाव्यापासून ते आत जायला लागतात. जुना असता तरी गेलेच असते. नवा चांगला आहे का हे बघायचं तर निकाल झाक आणि दोन गोष्टी बघ: चेंडू समोरच्यांकडे गेल्यावर पहिल्या पाच सेकंदांत कितीजण त्याच्याकडे वळतात, आणि सत्तराव्या मिनिटालाही मागची, मधली आणि पुढची फळी यांच्यातलं अंतर तेवढंच आहे का.

आता तुमच्या तालमीचं. पोरं नोकरी-धंदा सांभाळून आठवड्यातून दोनच संध्याकाळी पूर्ण जमत असतील, तर सरळ फॉरवर्ड आणा. दोन दिवसांत कोणताही लायसन्सवाला तुमची ठेवण बदलू शकणार नाही, आणि तिसऱ्या पराभवाला तुम्हीच त्याला हाकलाल. चार-पाच दिवस जमत असतील आणि हंगामाला सहा आठवडे असतील, तर कोच. एक फॉरवर्ड पाय मुरगळून बसला की पैसा पाण्यात. शिकलेली बचावफळी एकाच्या पायावर अवलंबून नसते.

दोन दिवसच असले, तरी त्यांतली वीस-वीस मिनिटं कॉर्नरला द्या. इथे कमी वेळात जास्त हाती लागतं. मारणारा एकच ठेव, आत वळणारा चेंडू. एक जण गोलकीपरच्या पुढ्यात उभा, त्याला ढकलायचं नाही, फक्त वाट अडवायची. तिघे पेनल्टीच्या ठिपक्यामागून धावत येणार, एक जवळच्या पोस्टकडे, एक मधे, एक लांबच्या पोस्टकडे. एक जण डीच्या कडेवर, बाहेर आलेल्या चेंडूसाठी. मागे दोघे, आणि ते दोघे तुमचे सगळ्यात चपळ. उंच सेंटर बॅक, म्हणजे मधला बचावपटू, पुढे गेला की मागे गोगलगायी ठेवतात, आणि आपल्याच कॉर्नरवर गोल खातात.

बिघडतं ते ठरलेल्या दोन जागी. एक, चेंडू जवळच्या पोस्टवरच्या पहिल्या बचावपटूच्या डोक्यावरून जातच नाही. मारणाऱ्याला आधी एकट्याला रोज तीस चेंडू मारायला लाव. दुसरं, धावणारे लवकर सुटतात आणि चेंडूखाली थांबून उडी मारतात. थांबून मारलेल्या हेडरला जोर नसतो. मारणाऱ्याने हात खाली केला की सुटायचं, अशी खूण ठेव. सुरुवातीला बचाव करणारे नकोतच, मग चार, मग पूर्ण.

शाहू स्टेडियमचं गवत यंदा कसं आहे ते लिही, आणि मुख्य म्हणजे हे कळव: आठवड्यात किती दिवस, किती वाजता, आणि त्या वेळी एकूण किती पोरं खरोखर हजर असतात. हजेरीवहीतला आकडा नको.

काकूंना नमस्कार.

तुझा,
नंदू