घड्याळ भिंतीवरून उतरवणाऱ्या काकूंना

आदरणीय काकू,

सप्रेम नमस्कार, वि. वि.

फोनवर आभार मानायला गेले तर तुम्ही "अगं, त्यात काय एवढं" म्हणालात आणि उकाड्यावर घसरलात. म्हणून आता लिहूनच काढते, आणि तेही चारचौघांत. खाजगीत पाठवलं असतं तर तुम्ही वाचून बाजूला ठेवलं असतं. शिवाय जिलेटिनचं मिश्रण नेमकं कधी फेटायचं, या प्रश्नावर ज्यांनी मला वाटाण्याच्या अक्षता लावल्या, त्यांच्याही डोळ्यांखालून हे पत्र जावं अशी माझी सरळसरळ इच्छा आहे. राग अजून पुरता गेलेला नाही, तेव्हा चार शब्द कमीजास्त झाले तर सांभाळून घ्या.

वाचणाऱ्यांसाठी थोडं मागचं सांगते. मला जुन्या पाककृतींच्या पुस्तकांचं वेड आहे, त्यातही 1920-30 च्या सुमारास अमेरिकेत फ्रीज घराघरांत शिरू लागला तेव्हाच्या पुस्तिकांचं. फ्रीज बनवणाऱ्या कंपन्या तेव्हा पाककृतींच्या पुस्तिका काढत, आणि त्यांत गोठवलेल्या गोड पदार्थांचं एक प्रकरण हमखास असे. बर्फाच्या ट्रेमध्ये घरच्या घरी काहीतरी गोड गोठतं, हीच मोठी नवलाई होती. पॉट फिरवायला नको, बर्फ-मीठ नको. पण पॉट नाही म्हणजे सतत घुसळणं नाही, आणि घुसळलं नाही की गोठताना बर्फाचे मोठे खडे होतात, दाताखाली कचकचतात. त्यावर या पुस्तिकांचा एक आवडता उतारा म्हणजे जिलेटिन. ते पाणी धरून ठेवतं आणि बर्फाचे कण बारीकच राहू देतं. लिंबू किंवा संत्रं, साखर, दूध नाहीतर क्रीम, आणि जिलेटिन. साहित्य एवढंच, कृती चार ओळींची. उन्हाळ्यात याहून सोपं काय असणार?

त्या चार ओळींतल्या एका ओळीने मला छळलं. "मिश्रण घट्ट होऊ लागलं की फेटा." काही पुस्तकांत जरा दया दाखवून लिहिलेलं असतं की कच्च्या अंड्याच्या पांढऱ्याइतकं दाट झालं की फेटा. म्हणजे नेमकं कधी? लवकर फेटलं तर धरलेली हवा निसटते, आणि ट्रेमध्ये खाली काचेसारखा पिवळा थर, वर फेस, अशी दोन मजली इमारत उभी राहते. उशिरा फेटलं तर जेलीचे बारीक गोळे होतात, ते शेवटपर्यंत मोडत नाहीत. बरोबर क्षण या दोन्हींच्या मधे कुठेतरी असतो आणि पुस्तक त्याला अर्धं वाक्य देतं.

म्हणून मी विचारत सुटले. एका नावाजलेल्या क्लासच्या बाईंनी, ज्यांची फी मी भरली होती, मला सांगितलं, "ते अनुभवाने कळतं." मी म्हटलं, अनुभव यायच्या आधी काय बघू? तर हसल्या आणि पुढच्या पदार्थाकडे वळल्या. एका गृहस्थांनी "कृती नीट वाचा" असा सल्ला दिला, जणू मी ती उलटी धरून वाचत होते. एकीने तयार मिश्रणाचं पाकीट घ्यायला सांगितलं. आणखी एकाचं म्हणणं, "चायना ग्रास वापरा की." चायना ग्रासबद्दल, म्हणजे समुद्री शेवाळापासून बनणाऱ्या अगर-अगरबद्दल, मला आदरच आहे, जिलेटिन प्राण्यांच्या हाडाकातड्यापासून बनत असल्याने ज्यांना ते चालत नाही त्यांना तो चांगला आधार आहे. पण त्याचा स्वभावच वेगळा. ते चाळीस अंशांच्या जवळपास असतानाच आवळतं, एकदा आवळलं की 85 अंशांच्या आसपास नेल्याशिवाय वितळत नाही, आणि फेटायला जिलेटिनसारखी सवड देत नाही. विचारलं एक, मिळालं भलतंच.

"अनुभवाने कळतं" हे उत्तर मला सगळ्यांत जास्त लागलं, कारण ते खोटं नाही. पूर्वी जिलेटिन घरीच काढावं लागे. वासराचे पाय तासन्‌तास उकळायचे, गाळायचे, वरची चरबी काढायची, अंड्याच्या पांढऱ्याने रस नितळ करायचा. इतका वेळ पातेल्यापाशी उभं राहिलेल्या बाईला ते कधी धरतं हे कुणी सांगायची गरज नव्हती. पुढे 1845 मध्ये पीटर कूपर यांनी अमेरिकेत जिलेटिनच्या पुडीचं पेटंट घेतलं, 1890 पासून चार्ल्स नॉक्स यांनी जॉन्सटाउनमधून ते घराघरांत पोचवायला सुरुवात केली, आणि ते उकळणं-गाळणं संपलं. फार छान झालं. पण पुडीतून जिलेटिन आलं, नजर आली नाही. पुस्तकं मात्र ती नजर वाचणाऱ्याकडे आहेच असं धरून अर्धं वाक्य लिहीत राहिली. आणि आज ज्यांच्याकडे ती आहे ते "अनुभव" म्हणून कुलूप लावून बसतात.

मैत्रिणीने तुमचा नंबर दिला तेव्हा मी खरं तर थकले होते. "सासूबाईंना विचार, त्या जुन्या पद्धतीचं सगळं करतात," एवढंच ती म्हणाली. आपण कधी भेटलोही नव्हतो. मी माझं गाऱ्हाणं लांबलचक लिहून पाठवलं. तुम्ही उत्तर दिलं नाहीत, उलट मलाच विचारलंत, "डब्यावर ब्लूम किती लिहिलाय बघ."

मला ब्लूम ही काय भानगड तेही माहीत नव्हतं. ऑस्कर ब्लूम नावाच्या माणसाने 1925 मध्ये जेली किती टणक बसते हे मोजायचं यंत्र काढलं, त्याचा तो आकडा. साधारण 50 पासून 300 पर्यंत जातो. त्या जुन्या कृतींमधलं एक पाकीट म्हणजे 7 ग्रॅम, आणि घरगुती पुडीचा ब्लूम बहुतेक 225 च्या घरात. माझ्या डब्यावर अगदी बारीक अक्षरांत 160 होतं, म्हणजे माझं जिलेटिन कमजोर, ते जास्त लागणार. तुम्ही लिहिलंत, "मग सव्वाआठ ग्रॅम घे. आणि उद्या दुपारपर्यंत थांब." अर्धा प्रश्न तिथेच सुटला होता. इतक्या जणांना विचारलं, पण माझा डबा कुणी उलटून बघायला लावला नव्हता.

उद्या दुपारपर्यंत कशाला थांबायचं, ते दुसऱ्या दिवशी कळलं. व्हॉट्सॲपवर एकापाठोपाठ एक फोटो यायला लागले. परातीत बर्फ आणि पाणी, त्यात स्टीलचं पातेलं, पातेल्यात लिंबाचं पिवळसर मिश्रण. आणि मागे, ओट्यावर भिंतीला टेकवून उभं केलेलं एक गोल घड्याळ. मला आधी काही कळेचना. वाटलं, चुकून आलंय फोटोत. दुसऱ्या फोटोतही तेच घड्याळ, काटा पाच मिनिटं पुढे. तिसऱ्यात आणखी पाच. काचेवरची धूळ घाईघाईने पुसल्याचा बोटांचा अर्धगोल दिसत होता. मग लक्षात आलं की तुम्ही भिंतीवरचं घड्याळ काढून खास माझ्यासाठी पातेल्यामागे ठेवलंय, प्रत्येक फोटोत वेळ दिसावी म्हणून. स्टुलावर चढलात की कुणाला हाक मारलीत, ते विचारायचं राहिलं.

4 वाजून 10 मिनिटांपासून 4:25 पर्यंत काहीच फरक नाही. पाणीच. 4:28 ला चमच्याच्या टोकावरचा थेंब लांबलाय, सुटायला कुरकुरतोय. 4:30 ला चमचा फिरवल्याची रेघ दिसते आणि लगेच मिटते. 4:32 ला ती रेघ मिटायला रेंगाळते, आणि त्या फोटोखाली तुमचे शब्द: "आत्ता. फेटायचं ते आत्ता." एवढ्यावर थांबला असतात तरी माझं काम झालं होतं. पण तुम्ही फेटलं नाहीत. 4:36 चा फोटो पाठवलात, पातेल्याच्या कडेला गोळे धरलेले, चमच्याला चिकटलेले. खाली लिहिलंत, "हा उशीर. मुद्दाम होऊ दिला, तुला दिसावा म्हणून. कोमट पाण्यावर परत विरघळवते, वाया जात नाही."

काकू, तो 4:36 चा फोटो मी किती वेळा बघितलाय ते सांगत नाही, हसाल. सगळे लोक तयार पदार्थाचा फोटो टाकतात, साच्यातून काढलेला, वर पुदिन्याचं पान लावलेला. त्यातून शिकायला काही मिळत नाही, मिळते ती करणाऱ्याला शाबासकी. तुम्ही मला असा फोटो पाठवलात ज्यात तुमचं कौतुक करण्यासारखं काहीही नव्हतं. स्वतःच्या हातचं मिश्रण बिघडू दिलंत आणि ते बिघडलेलं दाखवलंत. आणि हे सगळं एका अनोळखी मुलीच्या बारीकशा शंकेसाठी, भर उन्हाळ्यात, दुपारची झोप सोडून.

त्या फोटोंमधून आणखी एक गोष्ट उलगडली, जी तुम्ही मुद्दाम सांगितलीही नव्हती. पुस्तकात असतं, "थंड होऊ द्या." ती ओळ ज्या हवेत लिहिली गेली तिथे ओट्यावर ठेवलेलं पातेलं थंड होत असेल. माझ्या स्वयंपाकघरात पारा पस्तिशीच्या पुढे असतो आणि जिलेटिन त्याच सुमाराला वितळतं. म्हणजे ओट्यावर ते रात्रीपर्यंत पाणीच राहणार, आणि वैतागून फ्रीजमध्ये ढकललं की आपलं लक्ष नसताना धरणार. तुमच्या परातीतल्या बर्फाने दोन्ही गोष्टी साधल्या, गारवाही आणि समोर उभं राहून बघणंही. गंमत म्हणजे ज्या गुणामुळे ते उन्हाळ्यात इतकं त्रास देतं, त्याच गुणामुळे खाताना इतकं सुरेख लागतं. अंगाच्या उष्णतेला विरघळतं, म्हणून जिभेवर ठेवलं की चावायचं काही उरतच नाही. आधी लिंबू लागतं, मग मागाहून दुधाचा गोडवा.

फ्रीझरमधल्या वेळेबद्दल मात्र तुम्ही घड्याळ लावून दिलं नाहीत, आणि तेही मला आवडलं. जुन्या पुस्तिकांत फ्रीजचा खटका "सर्वांत थंड"वर न्यायला सांगून तास दिलेले असतात, ते आजच्या उणे 18 अंशांच्या फ्रीझरला लागू पडत नाहीत. तुम्ही म्हणालात, "तुझा फ्रीझर वेगळा, माझा वेगळा. कडा धरल्या आणि मधे अजून हलतंय असं झालं की काढ, फेट, परत ठेव." जिथे आकडा उपयोगी तिथे आकडा दिलात, जिथे नाही तिथे खूण दिलीत. हा फरक कळणारी माणसं शिकवण्याच्या धंद्यात फार कमी दिसतात. क्लासच्या बाईंना हे वाक्य लागलं तर लागू दे.

आणि एकूणच, माणूस मदत करतो म्हणजे काय करतो, याचा मी हल्ली फार विचार करते. उत्तर माहीत असणारे पुष्कळ असतात. पत्ता विचारला तर हात हवेत फिरवून "सरळ जा" म्हणणारे असतात, आणि कोपऱ्यापर्यंत सोबत येऊन बोट दाखवणारेही असतात. कार्यालयात अर्ज परत सरकवणारे असतात, आणि अर्ज आपल्याकडे फिरवून पेन्सिलीने सही कुठे करायची ती फुली मारून देणारेही असतात. दुसऱ्या प्रकारच्या माणसांचा वेळ काही फार जात नाही. पण समोरचा नेमका कुठे अडलाय तिथपर्यंत ती वाकून बघतात. मोठा त्याग वगैरे करणाऱ्यांचे सत्कार होतात, होऊ देत. या वाकून बघणाऱ्यांना कुणी साधं पत्रही लिहीत नाही, म्हणून हे.

आता खुशाली. लिंबाचं जमलं, अगदी तुमच्या रेघेबरहुकूम. संत्र्याचंही जमलं. नुसती जेली गोठवून बघायचा मोह झाला होता, पण तुमचा निरोप आठवला, की ती बाहेर काढली की पाणी सोडते, कारण बर्फाचे सुयांसारखे कण तिची वीण आतून फाडतात. तेव्हा तो नाद सोडला. कच्च्या अंड्याच्या पांढऱ्याच्या कृतीही तुम्ही म्हणालात तशा बाजूला ठेवल्या आहेत. पुढचं पान अननसाचं आहे. ताजा अननस जिलेटिनला धरूच देत नाही, त्यातलं पाचकद्रव्य जिलेटिनचे तुकडे करतं. पपई आणि किवीचंही तेच. डबाबंद अननस उष्णतेतून गेलेला असल्याने चालतो. म्हणून डबा आणून ठेवलाय. पण डब्यातला पाक मिश्रणात धरायचा की ओतून टाकायचा, यावर माझ्याकडच्या दोन पुस्तिकांचं पटत नाही. साखर जास्त झाली की गोठायला वेळ लागतो एवढं मला कळतं, पुढचं तुम्ही सांगा. घाई नाही.

आणि एक विचारायचं होतं. ते फोटो माझ्यासारख्या आणखी दोघी-तिघींना हवे आहेत, त्याही त्याच ओळीशी अडल्या आहेत. तुमची हरकत नसेल तर पाठवते, घड्याळासकट. नाव घालायचं की नाही ते तुम्ही म्हणाल तसं.

सूनबाईला आणि घरातल्या सगळ्यांना नमस्कार सांगा.

कळावे, लोभ आहेच, तो वाढावा ही विनंती.

तुमचीच,
लिंबाच्या ट्रेवाली