लाटा सगळ्यांच्याच, पण बोर्डांची हद्द आखा

मा. संपादक,
सप्रेम नमस्कार.

समुद्रात कोणी बुडालं की बातमी येते, दारू पिऊन पाण्यात उतरलेल्यांची येते, वॉटरस्पोर्ट्सवाल्यांच्या भांडणांची तर येतेच येते, पण आमच्याकडे सीझनमधे रोज सकाळी जे चालतं ते कधी छापून आलेलं मी तरी वाचलं नाही, म्हणून हे पत्र. उत्तर गोव्यातल्या आश्वे-मांद्रे-हरमल या पट्ट्यात एकाच लाटेवर तीन तऱ्हेची माणसं असतात. एक बोर्डवाले सर्फर, म्हणजे लांब फळीवर उभं राहून लाटेवरून घसरत येणारे, त्यात निम्म्याहून जास्त आज पहिल्यांदाच बोर्डला हात लावणारे. दुसरे बॉडीसर्फर, म्हणजे बिनबोर्डाचे, नुसतं अंग झोकून लाटेबरोबर किनाऱ्यापर्यंत येणारे, मी यातला. आणि तिसरे कमरेएवढ्या पाण्यात उड्या मारणारे पर्यटक, जे संख्येने सगळ्यात जास्त. कोणी कुठे असावं हे ठरलेलंच नाही, ज्याचा आवाज मोठा त्याचं पाणी.

आता कोणी म्हणेल समुद्र एवढा मोठा, सरका की जरा बाजूला. तिथेच तर मेख आहे. लाट आपल्या उंचीच्या साधारण सव्वापट खोलीच्या पाण्यात आली की फुटते, म्हणजे पावसाळा संपल्यावर आपल्याकडे ज्या दोन-अडीच फुटी लाटा येतात त्या बरोबर माणसाच्या मांडी-कमरेएवढ्या पाण्यात फुटतात. पोहता न येणारा माणूस आत जातो तोही कमरेपर्यंतच. सर्फिंगचा क्लासही तिथेच, कारण इन्स्ट्रक्टरला पाय टेकवून बोर्ड ढकलायचा असतो आणि शिकणाऱ्याला फुटलेल्या लाटेचा फेसच लागतो. मलाही तीच जागा लागते, लाट फुटायच्या क्षणाला अंग झोकलं नाही तर ती पुढे निघून जाते. त्यात सकाळी वारा पडलेला, पाणी तुळतुळीत, दुपारी वारा सुटून सगळं कालवलं की कोणालाच मजा येत नाही, त्यामुळे सगळे सकाळीच येणार. अख्खा किनारा मोकळा आणि जिथे पाण्याखाली वाळूचा बांध नीट बसलाय तेवढ्या शे-दोनशे पावलांत जत्रा.

बोर्डवाले सांगतात आमचे शिकाऊ बोर्ड मऊ फोमचे असतात, काही होत नाही. फोम मऊ असतो हे खरं, पण आठ-नऊ फुटी बोर्ड, त्यावर साठ-सत्तर किलोचं माणूस आणि मागे लाट, हे सगळं मऊ नसतं. खाली फिन, म्हणजे माशाच्या परासारखी पाती, असतातच. आणि पायाला बांधलेली दोरी, लीश म्हणतात तिला, ती साधारण बोर्डाएवढी लांब असते, म्हणजे माणूस पडला तरी बोर्ड त्याच्यापासून दोरीभर लांब जाऊन पुढे स्वतःच्या लांबीएवढा पोचतो, वर दोरी ताणली की उलटा उसळतो तो वेगळाच. वेटसूटमुळे, म्हणजे थंड पाण्यात घालायच्या रबरी पोषाखामुळे, नाव झालेले जॅक ओ'नील, त्यांचा डावा डोळा १९७१ साली असाच दोरीने परत उसळून आलेल्या बोर्डामुळे गेला, आणि तो माणूस काही नवशिका नव्हता. म्हणजे शिकाऊ माणसाभोवती सरळ पंधरा-वीस फूट पाणी मोकळं पाहिजे, आपल्याकडे पाच फूट असलं तरी नशीब.

नाताळच्या सुट्टीतलं सांगतो. बेळगावकडचं एक कुटुंब होतं, आजी साडीचा काठ वर धरून घोट्याएवढ्या पाण्यात, मुलगा-सून पुढे, नातू कमरेला ट्यूब घालून बापाच्या हाताला लटकलेला, आणि सगळ्यांची पाठ समुद्राकडे कारण मोबाईल किनाऱ्यावर. मागून एक बाई बोर्डवरून येतेय, इन्स्ट्रक्टर मागून ओरडतोय 'अप अप अप', आणि ती बिचारी उठायच्या नादात स्वतःच्या पायांकडे बघतेय. बाप अगदी शेवटच्या क्षणी वळला, पोराला उचललं आणि बोर्ड त्याच्या मांडीवर बसला. फिनने चीर गेली, रक्त फार नाही, पण नंतर जी जुंपली ती बघण्यासारखी होती. इन्स्ट्रक्टर म्हणतो दिसत नाही का क्लास चाललाय, बाप म्हणतो दर्या काय तुझ्या बापाचा आहे का. आजी मधे पडून दोघांनाही कानडी-मराठी मिसळून झापतेय. जीवरक्षक धावत आला, जखम धुतली, पट्टी बांधली, दोघांना शांत केलं आणि परत टॉवरवर गेला. तो तरी काय करणार, त्याच्याकडे पोहायच्या जागेसाठी लाल-पिवळे झेंडे आहेत, धोक्याच्या जागेसाठी लाल आहेत, बोर्डांसाठी काही खूणच नाही, मग कोणाला कुठल्या आधारावर शिट्टी मारणार?

सर्फरांमधे आपसात नियम आहेत आणि ते चांगले आहेत हे कबूल. लाट जिथून फुटायला लागते त्या टोकाला जो सगळ्यात जवळ, लाट त्याची, दुसऱ्याने मधेच त्याच्यासमोर उडी घ्यायची नाही. परत आत जाताना फुटणाऱ्या लाटेला वळसा घालून जायचं. काही झालं तरी बोर्ड हातातून सोडायचा नाही. पण हे ज्याला माहीत आहे त्याच्यापुरतं. बेळगावच्या आजीला कोण सांगणार, आणि खरं सांगायचं तर शिकणाऱ्यांनाही कोणी सांगत नाही, तासा-दीड तासाचा क्लास, त्यात उभं राहिलेला एक फोटो मिळाला पाहिजे, नियम कोण शिकवत बसतो. शिवाय या नियमात माझ्यासारख्याला सर्फर धरतच नाहीत. पाण्यावर माझं नुसतं डोकं दिसतं, मी टोकाला आधी असलो तरी बोर्डवाला बिनधास्त समोर घुसतो. मी भडक केशरी टोपी घालतो तरी हीच तऱ्हा. एकाने मला वर ऐकवलं, काका बोर्ड घ्या ना एक. का म्हणून घेऊ?

बाहेर हा प्रश्न जुना आहे आणि सुटलेला आहे. ऑस्ट्रेलियात लाल-पिवळ्या झेंड्यांच्या मधलं पाणी पोहणाऱ्यांचं आणि बॉडीसर्फिंगवाल्यांचं, कडक बोर्डाने बाहेर जायचं, लाईफगार्ड भोंग्यावरून नाव न घेता लाज काढतो. ब्रिटनमधे बोर्डांसाठी काळ्या-पांढऱ्या चौकटींचे वेगळे झेंडे लावतात. आणि मला सगळ्यात आवडलेला प्रकार कॅलिफोर्नियातल्या न्यूपोर्ट बीचचा, तिथे बंदराच्या धक्क्याला लागून 'वेज' नावाची एक भयंकर लाट फुटते, धक्क्यावर आपटून परत आलेली लाट पुढच्या लाटेवर चढते आणि तिचा डोंगर होतो. जागा चिमूटभर, त्यामुळे हद्द आखायला वावच नाही, मग त्यांनी वेळ वाटून घेतली. १ मे ते ३१ ऑक्टोबर, सकाळी १० ते संध्याकाळी ५, पिवळ्यावर काळा गोळा असलेला झेंडा लागतो आणि तेवढा वेळ कुठलाही बोर्ड पाण्यात चालत नाही, फक्त बिनबोर्डाची माणसं. बाकी वेळ बोर्डवालेही उतरतात. कुरकूर दोन्हीकडून असते पण झेंडा सगळे मानतात.

जाता जाता, तुम्ही पेपरवाले म्हणून सांगतो, ऑस्ट्रेलियात एके काळी दिवसाउजेडी समुद्रात उतरायलाच मनाई होती. १९०२ साली सिडनीजवळच्या मॅनलीत विल्यम गोचर नावाच्या एका स्थानिक वृत्तपत्राच्या मालकाने आपल्याच पेपरात आधी जाहीर केलं आणि भर दुपारी पाण्यात उतरला, पुढच्या वर्षी नगरपालिकेने ती बंदी उठवली. तुम्ही पाण्यात उतरावं असं माझं म्हणणं नाही, छापलंत तरी पुरे.

तर माझं मागणं साधं आहे. लाल-पिवळ्या झेंड्यांच्या जोडीला बोर्डांसाठी काळ्या-पांढऱ्या झेंड्यांची एक जोडी द्या, दोन्हींच्या मधे मोकळी पट्टी ठेवा, आणि सर्फिंगचे सगळे क्लास त्या बोर्डांच्या पट्ट्यातच. लाल-पिवळ्यात बोर्ड आला तर शिट्टी आणि पुन्हा आला तर त्या दिवसापुरता क्लास बंद. मात्र पाट्या रंगवून सिमेंटमधे पुरू नका, आपल्याकडे काही करायचं म्हटलं की आधी पाटी पुरतात. वाळूचा बांध आज इथे आहे तो अमावास्येच्या उधाणानंतर पन्नास पावलं सरकतो, त्यामुळे झेंडे कुठे लावायचे ते रोज सकाळी पाणी बघून जीवरक्षकानेच ठरवायला हवं, आणि त्याला ते कळतं. २००८ पासून 'दृष्टी' या जीवरक्षक पुरवणाऱ्या कंपनीची मुलं गोव्याच्या किनाऱ्यांवर आहेत, त्यांना पाणी वाचता येतं याबद्दल माझ्या मनात शंका नाही. भरतीला जिथे पाणी शॅकच्या पायऱ्यांपर्यंत येतं आणि किनाराच उरत नाही तिथे न्यूपोर्टसारखी वेळ वाटा, शनिवार-रविवारी ठरावीक तास बोर्ड बंद.

पोहणाऱ्यांनाही बंधन हवं, नाहीतर हे एकतर्फी होईल. बोर्डांच्या पट्ट्यात जाऊन सेल्फी काढणारे, येणाऱ्या बोर्डला गंमत म्हणून लोंबकळणारे, यांनाही तीच शिट्टी. आणि यात एक जिवावरची गोष्ट आहे. सर्फर आत जाताना मुद्दाम ओढीच्या पाण्यातून जातात, रिप करंट म्हणतात ती, तिथे पाणी परत समुद्रात जात असतं त्यामुळे कमी मेहनतीत आत पोचता येतं. वरून ती जागा शांत दिसते, लाटा फुटत नाहीत, आणि पर्यटक म्हणतो हे सगळे इथूनच जातायत, म्हणजे इथे बरं असणार. त्याच्याकडे ना बोर्ड ना पोहण्याची सवय. नुसते बोर्ड आणि माणसं वेगळी केली तरी हे मागे मागे जाणं बरंच थांबेल असं मला वाटतं. ओढीत सापडलेल्या माणसाजवळ आधी पोचतो तो बरेचदा सर्फरच, आणि बोर्डला धरून तरंगता येतं, हेही इथे लिहिलं पाहिजे. सर्फर नकोतच असं म्हणणाऱ्यांतला मी नाही.

भीती वेगळीच आहे. एखादा मोठा अपघात झाला की खाती जागी होतील आणि सरसकट बंदी घालतील, आणि मग ज्यांच्या घरी आधी रापण होती, म्हणजे किनाऱ्यावरून दोराने ओढायचं मासेमारीचं मोठं जाळं, आणि आता बोर्डवर पोट आहे ती गावची मुलं घरी बसतील. सर्फिंग आपल्याकडे तसं नवंच, कर्नाटकातल्या मुळकीला २००४ च्या सुमाराला पहिला क्लब सुरू झाला आणि तिथून किनाऱ्या-किनाऱ्याने पसरत आलं, आत्ता नियम लावले तर सवय लागेल. भर बाजारात गाडी शिकवायला कोणी परवानगी देत नाही पण म्हणून ड्रायव्हिंग स्कूलही बंद करत नाही. शिकवणाऱ्यांनीही अंग झाडू नये, एका इन्स्ट्रक्टरमागे किती शिकाऊ हे ठरवा, आणि पाण्यात नेण्याआधी दहा मिनिटं वाळूवर बोर्ड कसा धरून ठेवायचा तेवढं तरी शिकवा.

लोक ऐकत नाहीत असं कृपया कोणी सांगू नका. रापण ओढायला लागली की किनाऱ्यावर एकही झेंडा नसतो तरी सगळे दोराच्या बाहेर होतात, कारण दोर डोळ्यांना दिसतो आणि म्हातारा रापणकार वरून शिव्या घालतो. मोरजीला कासवांची अंडी असतात तिथे वनखात्याची जाळी असते, रशियन पर्यटकापासून आमच्या पोरांपर्यंत सगळे वळसा घालून जातात. दिसेल असं काहीतरी लावा, बस.

तेरेखोलच्या पलीकडे शिरोडा-वेळागरला माझी बहीण असते, तिथेही आज ना उद्या बोर्ड येतीलच, तेव्हा सिंधुदुर्गवाल्यांनीही हे वाचावं. आणि तुमच्या बातमीदाराला एखाद्या रविवारी सकाळी मांद्र्याला पाठवा, पाण्यात नको, नुसतं किनाऱ्यावर तासभर उभं राहू दे, आणि मग पर्यटन खात्यात जाऊन एवढंच विचारू दे की काळ्या-पांढऱ्या झेंड्यांना काय खर्च येतो आणि कोणाची सही लागते. उत्तर मिळालं तर तेही छापा.

आपला,
एक नियमित वाचक
मांद्रे, पेडणे