प्लॅनिमीटर कपाटात, ग्रीनचे प्रमेय फळ्यावर

माननीय संपादक,
स. न. वि. वि.

पावसाळा लागला की आपल्या दैनिकात रोज एक चौकट येते. कोयनेतून किती क्युसेक विसर्ग, आयर्विन पुलाजवळ पाणी किती फूट. आम्ही सांगलीकर ती चौकट आधी वाचतो, मग बाकीचा पेपर उघडतो. ४५ फूट ही धोक्याची पातळी इथल्या शाळकरी पोरांनाही पाठ असते. त्या चौकटीतला क्युसेकचा आकडा म्हणजे इंजिनिअरिंगच्या दुसऱ्या वर्षाला शिकवतात तो सरफेस इंटिग्रल, म्हणजे एखाद्या पृष्ठभागावरची बेरीज, हे मला निवृत्तीनंतर कळले. आणि दुसऱ्या वर्षात शिकणाऱ्या माझ्या भाचीलाही ते कोणी सांगितले नव्हते. त्यासाठी हे पत्र लिहीत आहे.

मी १९८४ साली आयटीआयचा ड्राफ्ट्समनचा कोर्स करून पाटबंधाऱ्याच्या एका कार्यालयात अनुरेखक म्हणून लागले. ट्रेसिंग पेपर, रोटरिंग पेन, अमोनिया प्रिंटचा डोळ्यांत पाणी आणणारा वास, यात माझी उमेदीची वर्षे गेली. पण मला सगळ्यांत आवडायचे ते नकाशावरचे क्षेत्रफळ मोजणाऱ्या प्लॅनिमीटरचे काम. निळ्या मखमलीच्या पेटीत ठेवलेले ते उपकरण फक्त दोघांच्या हाती देत, त्यातली मी एक होते.

ज्यांनी ते पाहिले नाही त्यांच्यासाठी सांगते. बिजागरीने जोडलेले दोन हात असतात. एकाच्या टोकाला सुई आणि वर वजन. ती सुई कागदात रुतवायची, तिला पोल म्हणायचे. दुसऱ्या हाताच्या टोकाला ट्रेसर, तो नकाशातल्या हद्दीवरून फिरवायचा. त्या हातावरच एक छोटे चाक असते, त्यावर बारीक रेघा आणि अचूक वाचनासाठी व्हर्नियर पट्टी. हद्दीवर एक खूण करायची, वाचन लिहायचे, घड्याळाच्या काट्याप्रमाणे अख्खी हद्द फिरून पुन्हा त्याच खुणेवर यायचे आणि दुसरे वाचन घ्यायचे. दोन वाचनांतला फरक स्थिरांकाने गुणला की आतले क्षेत्रफळ हाती. तीनदा फिरायचे आणि सरासरी घ्यायची. पन्नास हजाराच्या टोपोशीटवर चार चौरस सेंटिमीटर म्हणजे एक चौरस किलोमीटर. जत, आटपाडीकडच्या कितीतरी पाझर तलावांची पाणलोट क्षेत्रे मी अशी मोजली.

हे काम जबाबदारीचे होते. पुराचा अंदाज ज्या सूत्रांनी काढतात त्यांत पाणलोटाचे क्षेत्रफळ हाच मुख्य आकडा. मुंबई इलाख्यापासून चालत आलेल्या इंग्लिस सूत्रात तर तो एकच आकडा घालायचा असतो. त्यावरून सांडव्याची लांबी ठरते. आकडा कमी भरला तर सांडवा अपुरा, आणि सांडवा अपुरा म्हणजे एखाद्या रात्री मातीच्या बांधावरून पाणी. त्यामुळे श्वास रोखून हात फिरवायची सवय लागली, ती अजून आहे.

पण आत न शिरता, नुसते काठाने फिरून आतले क्षेत्रफळ कसे कळते, हा प्रश्न मी अडतीस वर्षे मनात ठेवला. कामाच्या रेट्यात तो कोणाला विचारायचे राहून गेले.

भाची सिव्हिलला आहे, माझ्याकडेच राहते. परीक्षेच्या आधी तिच्या वहीत व्हेक्टर इंटिग्रेशनचे 'टाइप' लिहिलेले पाहिले. टाइप एक, टाइप दोन, असे अकरा. प्रत्येकाखाली कोणता फॉर्म्युला टाकायचा ते. तिने माझ्यासमोर ग्रीन्स थिअरम लावून लंबवर्तुळाचे क्षेत्रफळ काढले. एक्स डीवाय वजा वाय डीएक्स, त्याचे काठावरून इंटिग्रल, त्याची निम्मी. सहा ओळींत पाय-ए-बी आले. मी विचारले, "म्हणजे नेमके काय केलेस?" ती म्हणाली, "फॉर्म्युला टाकला, मावशी." मी पुन्हा विचारले, "पण फिरलीस कुठून?" तेव्हा ती थांबली. मग म्हणाली, "काठाने."

त्या क्षणी माझ्या अंगावर काटा आला, हे मी अतिशयोक्ती न करता लिहिते.

दुसऱ्या दिवशी एका निवृत्त सहकाऱ्यांकडून त्यांचा स्वतःचा प्लॅनिमीटर मागून आणला. कंपासने चार सेंटिमीटर त्रिज्येचे वर्तुळ काढले आणि भाचीच्या हाती ट्रेसर दिला. पहिले वाचन २१४७, दुसरे २६५०. फरक ५०३, म्हणजे ५०.३ चौरस सेंटिमीटर. कॅल्क्युलेटरवर पाय गुणिले सोळा ५०.२७ येतात. तिने उपकरण उलटेपालटे करून पाहिले, आणि त्या रात्री आम्ही दोघी एक वाजेपर्यंत बसलो.

चाकात काय दडले आहे ते तिनेच शोधले. चाक हाताला काटकोनातल्या दिशेनेच गडगडते. हाताच्या लांबीच्या दिशेने ओढले तर ते नुसते घसरते, आकडा हलत नाही. म्हणजे ट्रेसरच्या प्रत्येक बारीक पावलातला एकाच दिशेचा भाग ते मोजते आणि साठवत जाते. पुस्तकात एफ डॉट डीआर लिहितात ते हेच. लाइन इंटिग्रल म्हणजे दुसरे काय? वाटेवरच्या प्रत्येक पावलातला कामाचा भाग तेवढा घ्यायचा आणि बेरीज करत जायचे. मग तिने गणित सोपे व्हावे म्हणून हाताचा सांधा सरळ रुळावर सरकतो असे धरले आणि कर्ल, म्हणजे एका बिंदूभोवती इवलीशी फेरी मारली तर दर एकक क्षेत्रामागे किती मोजणी होते तो आकडा, काढला. तो कागदावर सगळीकडे एकच भरला, एक भागिले हाताची लांबी. कर्ल सगळीकडे सारखा असेल तर आतल्या भागावरची त्याची बेरीज म्हणजे क्षेत्रफळ गुणिले तो ठरलेला आकडा. आमच्या पेटीच्या झाकणावर चिकटवलेला स्थिरांक कुठून येतो हे मला त्या रात्री समजले.

काठाची बेरीज आणि आतली बेरीज सारखी का, हे मात्र मी तिला सांगितले, आणि ते शेतावरून सांगितले. शिवारात शेताला शेत लागून आहे. प्रत्येक शेतकरी आपापल्या शेताच्या बांधावरून एकाच दिशेने, समजा घड्याळाप्रमाणे, एक फेरी मारतो. दोन शेतांमधल्या सामाईक बांधावरून एक जण उत्तरेकडे जातो, तर शेजारी दक्षिणेकडे. दोघांची मोजणी एकमेकांना खाऊन टाकते. सगळ्या फेऱ्या मिळवल्या तर आतले सारे बांध कटतात आणि उरते ती शिवाराची बाहेरची हद्द. शेते हवी तेवढी बारीक करा, उरणार हद्दच. ग्रीनच्या प्रमेयाचा जीव एवढाच आहे, आणि बांध माहीत असलेल्या कोणत्याही मुलाला तो पाच मिनिटांत कळतो.

आणखी दोन गोष्टी सांगितल्याशिवाय राहवत नाही. तलावाच्या बुडीत क्षेत्रात उंचवटा असला की त्याचे बेट होते. बेटाचा काठ उलट्या दिशेने फिरा, चाक आपोआप वजाबाकी करते, असे आम्हाला शिकवले होते. भाचीच्या पुस्तकात भोक असलेल्या प्रदेशासाठी आतली कड उलटी धरा असे लिहिले आहे. ते हेच! दुसरी गोष्ट पोलची. आकृती मोठी असली तर पोल आकृतीच्या आत रोवावा लागे, आणि मग वाचनात एक वेगळाच मोठा आकडा मिळवायचा. का, ते ठाऊक नव्हते. भाचीने सांगितले की पोलभोवती एक भाग असा असतो जिथे ट्रेसर पोचूच शकत नाही, तिथे मोजायला क्षेत्रच नाही, म्हणून प्रमेय सरळ लागू पडत नाही आणि हात पूर्ण गोल फिरल्याची भर घालावी लागते. तिच्या पेपरात 'उत्तर शून्य न येता टू पाय का येते' असा एक ठरलेला प्रश्न असतो. त्याचे उत्तर आमच्या पेटीच्या झाकणावर छापलेले होते.

सरफेस इंटिग्रलचेही तसेच. नदीचा विसर्ग मोजायला नदीच्या आडव्या छेदाचे उभे पट्टे पाडतात. प्रत्येक पट्ट्यात करंट मीटर सोडतात, एकच वाचन घ्यायचे तर पृष्ठभागापासून सहा दशांश खोलीवर. वेग गुणिले पट्ट्याचे क्षेत्रफळ, आणि सगळ्यांची बेरीज. प्रवाह छेदाला तिरका असेल तर कोनाच्या कोसाइनने गुणतात. तो कोसाइन म्हणजे पुस्तकातला 'डॉट एन'. नावेत बसून मीटरचे फेरे मोजणारा कर्मचारी सरफेस इंटिग्रल करत असतो, आणि त्याचे उत्तर घनफूट प्रति सेकंदात आपल्या पेपरात छापून येते. ११,५७४ क्युसेक चोवीस तास वाहिले की एक टीएमसी, म्हणजे एक अब्ज घनफूट, होते. बाष्पीभवन सोडले तर धरणावर रोज मांडतात तो आवक, विसर्ग आणि साठ्याचा ताळेबंद हा गाउसच्या डायव्हर्जन्स थिअरमचा नात्यातलाच हिशेब आहे : हद्दीतून किती आत आले, किती बाहेर गेले, त्यावरून आत काय वाढले ते सांगायचे.

ज्यांची नावे या प्रमेयांना आहेत ती माणसेही काही आभाळातून पडलेली नव्हती. जॉर्ज ग्रीन हे नॉटिंगहॅमजवळचे पवनचक्कीवाले, बापाची पिठाची गिरणी चालवणारे. १८२८ साली त्यांनी विद्युत आणि चुंबकत्वावरचा निबंध वर्गणी गोळा करून छापला, आणि पदवीसाठी केंब्रिजला गेले ते चाळिशीत. स्टोक्सचे प्रमेय, म्हणजे ग्रीनच्याच प्रमेयाचे वक्र पृष्ठभागावरचे रूप, छापील स्वरूपात पहिल्यांदा आले ते १८५४ च्या केंब्रिजमधल्या एका परीक्षेचा प्रश्न म्हणून, आणि त्या परीक्षेला पुढे मोठे भौतिकशास्त्रज्ञ झालेले मॅक्सवेल बसले होते. त्याच वर्षी स्वित्झर्लंडमध्ये याकोब आम्सलर यांनी पोलर प्लॅनिमीटर तयार केला. परीक्षेतला प्रश्न आणि टेबलावरचे उपकरण एकाच वर्षीचे. आपल्याकडे या दोन्हींची गाठ पडत नाही.

प्राध्यापकांना मी दोष देत नाही. भाचीच्या वर्गात या घटकाला मिळाले सात तास. पेपरात 'हा प्रश्न किंवा तो प्रश्न' अशी सोय असल्याने निम्मी मुले घटकच सोडतात, उरलेली टाइप पाठ करतात. त्या सातांतला एक तास मात्र मागते. गोलार्धावर स्टोक्स पडताळून पाहण्याची तीन उदाहरणे करून घेतात, त्यांतले एक कमी करावे आणि त्या वेळात प्रत्येक विद्यार्थ्याने एका आकृतीच्या काठाने प्लॅनिमीटर एकदा स्वतःच्या हाताने फिरवावा. परीक्षेतही एखादा प्रश्न असा असावा की ज्यात गणित कमी आणि 'तुम्ही नेमके काय मोजले ते लिहा' एवढेच विचारलेले असेल.

उपकरणे विकत घ्यायची गरज नाही. नकाशे संगणकावर गेल्यापासून अनेक सरकारी कार्यालयांच्या कपाटांत प्लॅनिमीटर पडून आहेत. एका कार्यालयात तर भंगाराच्या यादीत तीन प्लॅनिमीटर तुटक्या खुर्च्यांबरोबर लिहिलेले मी निवृत्तीच्या आधी पाहिले. निर्लेखनाच्या यादीवर सही करण्यापूर्वी अधिकाऱ्यांनी जवळच्या इंजिनिअरिंग कॉलेजच्या किंवा पॉलिटेक्निकच्या गणित विभागाला एक पत्र पाठवावे. रीतसर हस्तांतर करता येते. चाक गंजले असेल, व्हर्नियर अडकत असेल, तर ते कसे साफ करायचे हे जाणणारे माझ्यासारखे अनुरेखक आणि आरेखक प्रत्येक जिल्ह्यात आहेत. आम्हाला बोलवा. आम्ही कोणतेही मानधन न घेता येऊ.

सांगली, मिरज परिसरातल्या एखाद्या कॉलेजने हे पत्र वाचून बोलावले तर मी येईन. सहकाऱ्यांनी प्लॅनिमीटर माझ्याकडेच ठेवायला दिला आहे, तो बरोबर आणीन. सोबत जत तालुक्यातल्या एका पाणलोटाचे, माझ्याच हातचे जुने ट्रेसिंगही आणीन. त्याचे क्षेत्रफळ तेव्हा २.८ चौरस किलोमीटर भरले होते. मुलांनी ते पुन्हा मोजून पाहावे.

आपली विश्वासू,
एक निवृत्त आरेखक, सांगली
(कृपया नाव छापू नये. पत्ता कार्यालयाकडे दिला आहे.)