सही अजून केलेली नाही

प्रिय मित्रा,

सहा महिने तुला एक ओळ लिहिली नाही आणि आज रात्री दोनला लिहायला बसलोय. तब्येत बरी आहे, पाठ अधूनमधून धरते.

गुरुवारी तीन नंबरच्या डॉकवर मामांचा धाकटा पडला. हो, तोच, ज्याला खांद्यावर घेऊन तू गोदाम दाखवायला आणलंस आणि वॉचमनने तुम्हा दोघांनाही हाकललं. शेवटचं पॅलेट ठेवून रिकामं फोर्कलिफ्ट मशीन ट्रेलरमधून रिव्हर्सने बाहेर काढत होता. प्रत्येक ब्रेकला ट्रेलर बोटबोटभर पुढे सरकत गेला होता. डॉक आणि ट्रेलर जोडणाऱ्या लोखंडी लेव्हलरची कड सुटली, मागची चाकं फटीत गेली. रिकाम्या मशीनचं वजन सगळं मागेच, २.५ टन उचलणारं ते धूड स्वतः ४ टनांच्या घरातलं. पट्टा लावला नव्हता. कलंडताना त्याने पाय बाहेर टाकला. आपण शिकवतो, स्टिअरिंग घट्ट धर, उलट्या बाजूला झुक, उडी मारू नकोस. पण तोल जाताना पाय ऐकतो का रे? घोट्याच्या वर चिरडला. किल्लीपर्यंत कुणाचा हात पोचेना, तोवर रिव्हर्सचा भोंगा वाजतच होता. अजून कानात आहे.

ट्रेलर सरकू नये म्हणून चाकाला लावायचा एक ठोकळा महिनाभरापूर्वी फुटलाय. मला माहीत होतं. मागे तीन गाड्या थांबल्या होत्या आणि ‘आटप, आटप’ म्हणून ओरडणारा मीच.

आता अहवाल आलाय: चालकाचा निष्काळजीपणा. ठोकळ्याचा शब्द नाही. खाली माझ्या सहीची जागा.

नऊ वर्षांपूर्वी असाच कागद आपल्या दोघांपुढे होता. तू पेन खाली ठेवलंस, मी उचललं. तू मला भित्रा म्हणालास. मी म्हणालो, बायकापोरं आहेत मला. तुलाही होतीच. तेव्हा हे बोललो नाही, आज बोलतो: तुझं बरोबर होतं.

काल दवाखान्यात मामांनी एवढंच विचारलं, “तू होतास ना रे तिथे?”

तुझ्या लेकीची परीक्षा कशी गेली? वहिनींना नमस्कार सांग.

सोमवारी कागद मागतील. ठोकळ्याची आणि माझ्या घाईची ओळ मी पेन्सिलीने लिहून ठेवलीय. पेनाने गिरवण्याआधी तुझा आवाज ऐकायचाय. पत्राचा फोटो आत्ताच पाठवतोय. वाचलंस की फोन कर, कितीही वाजलेले असोत.

तुझाच